सेतीचे थडगे, दोन शतके आणि दोन प्रतिकृती

१ मे १८२१ या एका दिवसात लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरच्या इजिप्शियन हॉलमध्ये सुमारे १,९०० माणसे तिकीट काढून आत गेली. तिकीट होते अर्धा क्राउन, म्हणजे अडीच शिलिंग. रोजंदारीवर जगणाऱ्याला न झेपणारी ही रक्कम होती, तरीही दारात गर्दी झाली. आत दिव्यांच्या उजेडात दोन खोल्या उभ्या होत्या. भिंतींवर उठावाची रंगीत चित्रे, माणसाच्या उंचीचे देव आणि देवी, ओळीने कोरलेली चित्रलिपी. इजिप्तमधल्या एका राजाच्या थडग्यातली ही दालने मूळ मापात ओतून तयार केली होती. शेजारी सबंध थडग्याचे एक षष्ठांश मापाचे प्रारूप मांडले होते, आणि तेही पन्नास फुटांहून लांब होते.

त्यानंतर १९६ वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१७ रोजी, स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या अँटिकेनम्युझियममध्ये याच थडग्याची दालने पुन्हा एकदा मूळ मापात उभी राहिली. हे प्रदर्शन ६ मे २०१८ पर्यंत चालले. त्याच्या नावात ‘स्कॅनिंग’ आणि ‘पुनर्जन्म’ असे दोन शब्द होते.

राजा एकच, थडगे एकच. पहिल्या वेळी प्रतिकृती करण्याच्या कामातच मूळ भिंतींचा रंग गेला. दुसऱ्या वेळी भिंतीला बोटही न लावता काम झाले. हे प्रकरण तपशिलात मांडावेसे वाटले ते एवढ्यासाठी, की जुन्या वास्तूंच्या प्रतिकृतींविषयी आपण बोलतो तेव्हा ‘खरे’ आणि ‘खोटे’ याच्या पलीकडे फारसे जात नाही. प्रतिकृती करताना मूळ वस्तूचे काय झाले, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

थडगे आणि ते शोधणारा

सेती पहिला हा एकोणिसाव्या राजवंशातला फॅरो, प्रसिद्ध रामसेस दुसऱ्याचा बाप. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १२९० ते १२७९. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम तीरावरच्या राजांच्या दरीत त्याचे थडगे आहे, आणि अभ्यासक त्याला केव्ही १७ म्हणतात. डोंगरात जवळपास १३७ मीटर आत उतरत जाणारे हे थडगे दरीतल्या सर्वांत देखण्या थडग्यांपैकी एक. दारापासून शवागारापर्यंत प्रत्येक दालन चित्रांनी सजवलेले हे पहिले राजथडगे. त्याआधीच्या राजांच्या थडग्यांत काही मोजकीच दालने चित्रांनी सजवलेली असत. इथे सूर्यदेवाचा रात्रीचा प्रवास, बारा तासांची बारा दारे, मृत राजाचे तोंड उघडण्याचा विधी, सगळे भिंतीवर आहे. शवागाराच्या कमानदार छतावर निळ्या आकाशात नक्षत्रे आहेत.

ऑक्टोबर १८१७ मध्ये हे थडगे उघडणारा जोव्हान्नी बेल्झोनी हा इटलीतल्या पाडुआचा माणूस. साडेसहा फुटांच्या आसपास उंची. लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तो ‘पॅटागोनियाचा सॅमसन’ म्हणून ताकदीचे खेळ करून दाखवत असे. इजिप्तला तो गेला तो पाणी उपसण्याचे यंत्र मुहम्मद अली पाशाला विकायला. ते यंत्र काही खपले नाही. मग इजिप्तमधला ब्रिटिश वाणिज्यदूत हेन्री सॉल्ट याने त्याला पुतळे हलवण्याच्या कामाला लावले, आणि सुमारे सात टनांचे रामसेसचे मस्तक त्याने थीब्झहून, म्हणजे आजच्या लक्सर भागातून, नाईलपर्यंत आणून दाखवले.

सेतीच्या थडग्याची जागा त्याने ज्या तऱ्हेने ओळखली, ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाऊस पडला की डोंगरावरचा लोंढा नेमका जिथे कोसळतो, तिथे त्याने खणायला सांगितले. इथे थडगे असणे शक्यच नाही, असे गावच्या मजुरांचे म्हणणे होते. थडगे तिथेच निघाले. पण लोंढ्याच्या वाटेवरचे ते तोंड आता उघडे झाले होते, आणि त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. पुढच्याच पावसात पाणी आत शिरले. कोरड्या चुनखडीने ते शोषले, कोपरे तडकले, काही ठिकाणी चित्रांसह दगड सुटून पडला.

राजाचे शव आत नव्हते. चोरांच्या भीतीने पुजाऱ्यांनी ते प्राचीन काळीच हलवले होते. १८८१ मध्ये देर अल-बहरीच्या डोंगरातल्या गुप्त खड्ड्यातून ते सापडले. आता ते कैरोच्या इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि ३ एप्रिल २०२१ च्या राजांच्या मिरवणुकीत सेतीही होता. बेल्झोनीला मिळाली ती रिकामी शवपेटी. साडेनऊ फुटांच्या आसपास लांब, जेमतेम दोन इंच जाड, आणि पांढऱ्या अलाबास्टरची. आतबाहेर सगळीकडे बारीक आकृत्या कोरलेल्या आणि त्यात निळा रंग भरलेला. त्याने आत दिवा ठेवला, तर दगडातून उजेड पाझरला. त्या उजेडात निळ्या आकृत्या कशा दिसल्या असतील, याची कल्पना करत मी हा मजकूर लिहिताना बराच वेळ थांबलो.

मेण, राळ आणि धूळ

पिकॅडिलीच्या प्रदर्शनामागचे खरे काम थीब्झच्या उन्हाळ्यात झाले. बेल्झोनीने सिएनाचा एक तरुण डॉक्टर, अलेस्सांद्रो रिची, याला चित्रे काढायला बसवले. रिची जलरंगात एकेक भिंत उतरवत होता आणि बेल्झोनी भिंतींचे साचे घेत होता. साच्यासाठी नुसते मेण घेतले तर उष्णतेने ते लिबलिबीत होई, म्हणून त्याने मेणात राळ आणि बारीक धूळ मिसळली. माणसाच्या मापाच्या १८२ आकृत्या त्याने मोजल्या. एक ते तीन फुटांच्या लहान आकृत्या मोजल्या नाहीत, पण त्या आठशेंपेक्षा कमी नाहीत असा त्याचा अंदाज होता. चित्रलिपीची चिन्हेही मापामापाने उतरवून घेतली. सबंध वर्षभराचे हे काम होते. बाहेरचे ऊन, आत मशालींची धग, मेणाचा धूर. या माणसाच्या चिकाटीला नमस्कारच केला पाहिजे.

पण भिंतीचे काय झाले? उठावाच्या चित्रावर ओला किंवा चिकट साचा दाबला की तो सोडवताना रंगाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. गिलाव्यावरचा रंग तीन हजार वर्षे टिकला होता तो कुणी त्याला हात लावला नव्हता म्हणून. रंगाला धक्का लागणार नाही अशी काळजी आपण घेतली, असे बेल्झोनीला मनापासून वाटत होते, आणि त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचे कारण नाही. तरीही त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या साच्यांनी भिंतींवरचा रंग उचलला, हे आजच्या भिंतीच सांगतात.

मराठी वाचकाला इथे अजिंठा आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि साम्य वरवरचे नाही. जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठ्याची लेणी पडली ती एप्रिल १८१९ मध्ये, म्हणजे सेतीचे थडगे उघडल्यावर दीड वर्षाने. मेजर रॉबर्ट गिलने तिथे वर्षानुवर्षे राहून केलेल्या मोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अनेक हिवाळे अजिंठ्यात राहिले. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भित्तिचित्रांवर व्हार्निश फासले गेले. ते पुढे पिवळे पडले, तडकले, आणि काढताना संवर्धकांचे हाल झाले. त्यांच्या नकलांपैकीही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. नकलेसाठी मुळाला लावलेला हात आणि मग नकलाही गमावणे, हे दुःख आपल्याला परके नाही.

पिकॅडिलीत लोकांनी काय पाहिले

प्रदर्शनाने लंडनमध्ये इजिप्तचे वेड पसरवले. पण तिथे जमलेल्या गर्दीला आपण कुणाच्या थडग्यात उभे आहोत हे माहीत नव्हते, आणि बेल्झोनीलाही नव्हते. चित्रलिपीचे कोडे फ्रेंच अभ्यासक शाँपोलियाँने सोडवले ते सप्टेंबर १८२२ मध्ये, प्रदर्शन उघडल्यावर सोळा महिन्यांनी. तोवर थॉमस यंग या इंग्रज अभ्यासकाने लावलेल्या अर्थावर विसंबून हे थडगे ‘साम्मुथिस’ नावाच्या, प्रत्यक्षात सुमारे सातशे वर्षांनंतरच्या, राजाचे मानले जात होते. एका भिंतीवर वेगवेगळ्या देशांच्या माणसांची मिरवणूक आहे. तिच्यात ज्यू, इथिओपियन आणि पर्शियन आहेत असा अर्थ बेल्झोनीने लावला. वस्तुतः तो ‘दारांच्या ग्रंथा’तला प्रसंग आहे. इजिप्शियन, आशियाई, नुबियन आणि लिबियन असे माणसांचे चार समूह परलोकातही सूर्यदेवाच्या छत्राखाली आहेत, असे तो सांगतो. म्हणजे १८२१ च्या प्रेक्षकाने सुंदर भिंती पाहिल्या, पण त्यांचे बोलणे त्याला ऐकू आले नाही. प्रतिकृती अचूक असूनही तिची गोष्ट चुकीची असू शकते, हे मला या प्रकरणातले एक फार महत्त्वाचे निरीक्षण वाटते.

पेटी लंडनला पोचली ती प्रदर्शन सुरू झाल्यावर, ऑगस्ट १८२१ मध्ये. सॉल्टशी झालेल्या करारानुसार २,००० पौंडांच्या वर जी किंमत येईल तिच्यातला अर्धा वाटा बेल्झोनीचा. ब्रिटिश म्युझियमने एवढी रक्कम द्यायला नकार दिला. १८२४ मध्ये वास्तुविशारद सर जॉन सोन यांनी ती बरोबर २,००० पौंडांना घेतली. बेल्झोनीच्या वाट्याला शून्य. तसा तो तेव्हा हयातच नव्हता. टिंबक्टूकडे निघालेला हा माणूस डिसेंबर १८२३ मध्ये बेनिन राज्यात, म्हणजे आजच्या नायजेरियात, आमांशाने गेला. त्याची पत्नी सारा हिने १८२५ मध्ये प्रदर्शन पुन्हा मांडले, पण चालले नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये सोन यांनी आपल्या घरात तीन संध्याकाळी दिव्यांच्या आराशीत पेटी दाखवली. शेकडो निमंत्रित आले, आणि पेटीचे कौतुक झाले. पुढे लंडनच्या धुरकट हवेत अलाबास्टरचा पांढरेपणा गेला, निळा रंग झडला. आज सोन म्युझियममध्ये काचेखाली आहे ती पिवळट दगडाची पेटी.

भिंती कापून नेणारे

साच्यांपाठोपाठ करवती आल्या. १८२९ मध्ये शाँपोलियाँ आणि टस्कनीचा रोसेलिनी यांच्या संयुक्त मोहिमेने एका दाराच्या दोन्ही बाजूंची चित्रे कापून घेतली. देवी हाथोर सेतीचा हात धरून त्याला गळ्यातला हार देते, असे ते दृश्य. एक फलक लुव्रला गेला, दुसरा फ्लॉरेन्सला. जोसेफ बोनोमी नावाच्या इंग्रज चित्रकाराने शाँपोलियाँला पत्र लिहून विरोध केला. त्याला उत्तर मिळाले ते थोडक्यात असे, की थडग्यात ती नष्ट होतील, फ्रान्समध्ये जपली जातील. चित्रलिपीचे दार जगाला उघडून देणाऱ्या माणसाने तिच्या भिंती कापायला लावाव्यात, हे मला अजूनही पचत नाही. त्यानंतर जर्मन अभ्यासक लेप्सियसच्या मोहिमेने एका खांबाचा भाग बर्लिनला नेला. या बोनोमीची पुढची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १८६१ मध्ये तो सोन म्युझियमचा प्रमुख झाला आणि सेतीच्याच पेटीचा राखणदार म्हणून शेवटपर्यंत राहिला. पेटीवरच्या आकृत्या त्याने ओळ न ओळ रेखून १८६४ मध्ये प्रसिद्धही केल्या.

पूर, साचे, करवती, मशालींची काजळी, आणि मग पर्यटक. थडग्याच्या तळाकडे एस्ना शेल नावाचा खडक लागतो. त्याला ओल लागली की तो फुगतो, वाळला की आकसतो, आणि वरची चुनखडी त्याच्याबरोबर हलते. माणसांच्या श्वासातून येणारी आर्द्रताही त्याला पुरते. थडगे अनेक वर्षे बंद ठेवावे लागले. २०१६ मध्ये ते उघडले ते १,००० इजिप्शियन पौंडांच्या वेगळ्या तिकिटावर, म्हणजे गर्दी आपोआप कमी व्हावी म्हणून.

बासेलचा मार्ग

त्याच २०१६ मध्ये माद्रिदच्या फॅक्टम फाउंडेशनने बासेल विद्यापीठ आणि इजिप्तच्या पुरावस्तू मंत्रालयाबरोबर थडग्याची नोंद सुरू केली. या मंडळींनी त्याआधी तुतनखामुनच्या शवागाराची प्रतिकृती करून ती २०१४ मध्ये राजांच्या दरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तुतनखामुनचे थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरच्या घराशेजारी जमिनीखाली बसवली होती.

त्यांचे यंत्र काय करते ते जवळून पाहू. ल्युसिडा नावाचा हा स्कॅनर, मॅन्युएल फ्रँकेलो या चित्रकार-अभियंत्याने बनवलेला. भिंतीसमोर उभ्या चौकटीवर तो हळूहळू सरकतो आणि लेझरची तांबडी रेघ भिंतीवर टाकतो. सपाट भागावर रेघ सरळ पडते. देवीच्या खांद्यावरून, केसांच्या बटांवरून जाताना ती वाकते, तुटते, पुन्हा सांधते. दोन कॅमेरे त्या रेघेचे वाकणे टिपत राहतात, आणि त्यावरून पृष्ठभागाचा चढउतार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत कळतो. छिन्नी कुठे घसरली, हे त्यात दिसते. रंगाची नोंद वेगळी होते. एकेका भिंतीचे हजारो फोटो घेऊन ते जोडतात, आणि मूळ भिंतीसमोर रंगाचे नमुने धरून छटा ताडून पाहतात. मग दाट फोमच्या फळ्यांवर यंत्राने उठाव कोरला जातो, साचा आणि ओतकाम होते, आणि रंगाची छपाई एका पातळ लवचिक पापुद्र्यावर होऊन तो त्या उठावावर नेमका चढवला जातो. जोडणी केसभर चुकली तर देवीचा डोळा डोळ्याच्या खाचेत बसत नाही. शेवटची जुळवाजुळव हातानेच होते, आणि ती करणाऱ्यांचे हात माझ्या मते बेल्झोनीच्या हातांइतकेच आदराला पात्र आहेत.

आता या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय. बेल्झोनीने ‘सौंदर्यांचे दालन’ म्हटलेली खोली आज झिजलेली, कापलेली, काळवंडलेली आहे. प्रतिकृती कुठल्या वर्षाची करायची? २०१६ ची केली तर आत येणाऱ्याला ओरखडे आणि उघडा दगड दिसेल. १८१७ ची केली तर दोनशे वर्षांत माणसांनी केलेले सगळे अदृश्य होईल, आणि ते झाकणे म्हणजे एका अर्थाने खोटे सांगणे. बासेलने दोन्ही केल्या. एका रूपात दालन जसे उरले आहे तसे, दुसऱ्यात बेल्झोनीने पाहिले असेल तसे. शेजारचे खांबांचे दालन आणि अलाबास्टरच्या पेटीची प्रतिकृतीही मांडली. पाहणारा दोन्हींमधून फिरला की जे गेले ते त्याला आपोआप कळत होते. प्रदर्शन मांडणाऱ्यांनी घेतलेला हा निर्णय मला पूर्णपणे पटतो.

१८१७ चे रूप आले कुठून? हॅरी बर्टनने १९२० च्या दशकात थडग्याचे फोटो काढले होते. जगभरच्या संग्रहालयांत तुकडे होते, थडग्यातच राडारोड्यात सापडलेले तुकडे होते. आणि सर्वांत महत्त्वाची होती रिची आणि बेल्झोनीची जलरंगचित्रे, आज ब्रिस्टलच्या संग्रहालयात असलेली. जो रंग साच्यांनी भिंतीवरून उचलला, त्याची साक्ष त्याच मोहिमेच्या कागदांवर शिल्लक राहिली. बेल्झोनी नसता तर कदाचित रंगही गेला नसता. पण पूर आलाच असता, चोर आलेच असते, आणि तेव्हा कागदही नसता. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि त्यांतले एक निवडून दुसरे विसरणे मला जमत नाही.

या थडग्यात बेल्झोनीने ‘चित्रशाळा’ म्हटलेले एक दालन आहे. राजा मेल्यावर काम अर्धवट थांबले आणि भिंतींवर नुसत्या रेघा राहिल्या. आधी कच्च्या हाताने तांबड्या रंगात काढलेल्या आकृत्या, आणि त्यावर उस्तादाने काळ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या. खांदा थोडा खाली, पाऊल थोडे पुढे. कालच काढल्यासारख्या, असे बेल्झोनीला वाटले होते, आणि आजही वाटते. तिथे छिन्नी लागली नाही, रंग भरला गेला नाही, म्हणून साच्याने उचलण्यासारखे फारसे नव्हते.

नोंद कुणाच्या हाती

१८२१ ला सगळे इजिप्तच्या बाहेर गेले: साचे, चित्रे, पेटी, कमाई. प्रदर्शन २०१७ लाही युरोपातच झाले. पण एक बदल झाला. लक्सरच्या पश्चिम तीरावर हसन फथी या वास्तुविशारदाने बांधलेले स्टॉपेलेअर हाउस दुरुस्त करून २०१७ मध्ये तिथे स्कॅनिंग आणि प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. स्थानिक तरुण-तरुणी तिथे यंत्र चालवायला, माहिती हाताळायला शिकले, आणि थडग्यातले पुढचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. ज्या गावच्या मजुरांनी १८१७ मध्ये बेल्झोनीला ‘इथे काही नाही’ म्हणून सांगितले, त्याच गावांतली मुले आता त्याच भिंतींसमोर चौकट उभी करतात, दिवा मंद करतात आणि लेझरची रेघ सुरू करून बाजूला होतात. लुव्र आणि फ्लॉरेन्समधले हाथोरचे दोन्ही फलक अजून तिथेच आहेत. थडग्यातल्या त्या दारापाशी उघडा दगड आहे.